चार तास वीस मिनिटं

“झालं का हो मोजून? का आता उद्याच वाढता?”

आतल्या खोलीतून विनीताचा आवाज आला तेव्हा नीलकंठ धोटे मुगाच्या खिचडीत थर्मामीटरची सळई खुपसून उभा होता. कडेला अठ्ठ्याहत्तर, मध्ये त्र्याहत्तर. मधला आकडा पंचाहत्तरच्या वर गेल्याशिवाय पातेलं खाली उतरवायचं नाही, असा त्याचा नेम होता.

“दोन मिनिटं. मधात अजून कमी दाखवून राहिलं.”

“अहो, खिचडी आहे ती, तापाचा पेशंट नाही. पेशंट मी आहे.”

नीलकंठ हसला नाही. त्याने पातेलं पुन्हा ढवळलं, सळई उकळत्या पाण्यात बुडवून पुसली आणि परत खुपसली. शहात्तर. ताट-वाटी गरम पाण्यातून काढून त्याने वाढलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आता अर्ध्या तासात जेवून झालं पाहिजे. उरलं तर ते विनीताच्या पोटात परत जाणार नाही.

आता हा मनुष्य काही स्वयंपाकी नव्हे. नर्मदेकाठच्या तिलवाऱ्याच्या अलीकडे नागपूर रोडवर एक खासगी दूध-प्लांट आहे, तिथल्या लॅबमध्ये तो बावीस वर्षं टेक्निशियन. बी.एस्सी. पास, तेही दुसऱ्या खेपेला. चेरीतालच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, एक जुनी मोटरसायकल, आणि विनीता. मूलबाळ झालं नाही. त्याच्याकडे कुणी वळून पाहावं असं आयुष्यात काही घडलं नव्हतं. घडलं ते तीन वर्षांपूर्वी, प्लांटने संगणकाचा एक प्रोग्राम आणला तेव्हा.

त्या प्रोग्रामात दुधाचं, पनीरचं, दह्याचं तापमान भरायचं, आंबटपणा भरायचा, माल किती वेळ बाहेर होता ते भरायचं. मग पडद्यावर एक रेघ वर चढत जाते. मालातले जंतू किती वाजेपर्यंत किती वाढतील आणि तो कुठवर खाण्याजोगा राहील, हे ती रेघ आधीच सांगते. नासलेलं ओळखायला नाक पुरतं हो. हा प्रोग्राम अजून न नासलेल्याचं भविष्य सांगायचा. लॅबच्या प्रमुख वैष्णवी मॅडम, वयाने त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, एम.एस्सी. झालेल्या. त्यांनी त्याला दोन दिवस शिकवलं. तिसऱ्या महिन्यात त्याच त्याला विचारू लागल्या.

त्या साली मे महिन्यात पनीरच्या गाडीचं कूलिंग बरगीजवळ बंद पडलं. ड्रायव्हरने वास घेतला, सेल्सवाल्यांनी तुकडा चाखला. “एकदम फ्रेश है, धोटेजी!” नीलकंठने गाडीतल्या यंत्राची नोंद प्रोग्रामात भरली आणि सही करायला साफ नकार दिला. रेघ सांगत होती, की या जंतूंनी आतापर्यंत विष सोडलं असेल, आणि ते विष उकळूनही जात नाही. मॅनेजर लालबुंद झाला. तीन दिवसांनी नमुन्याचा रिपोर्ट आला, आणि आकडा रेघेवर बोट ठेवल्यासारखा जुळला. त्या दिवसापासून प्लांटमध्ये “धोटेजी बोले तो फाइनल” असं झालं. पन्नाशी उलटल्यावर माणसाला पहिल्यांदा मान मिळाला, की तो जरा डोक्यात जातोच.

त्या प्रोग्रामचा एक नियम मॅडमनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितला होता. जे माहीत नाही, ते वाईटात वाईट धरायचं. गाडी उन्हात किती वेळ उभी होती ठाऊक नसेल तर जास्तीत जास्त धरा. नीलकंठला हा नियम इतका पटला, की यंदा गणपतीच्या सुमारास विनीताच्या रक्तात कॅन्सर निघाला आणि औषधांनी तिच्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या, तेव्हा त्याने तो नियम तसाच्या तसा घरी आणला.

डॉक्टर म्हणाले होते, “कच्चा कुछ नहीं, बासी कुछ नहीं. और घर का जमा दही तो बिलकुल नहीं.”

आणि घोडं तिथेच अडलं. कारण विनीताच्या घरात दही म्हणजे नुसतं दही नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती काटोलहून आली, तेव्हा तिच्या आईने फिरकीच्या डबीत विरजण दिलं होतं. ती डबी गाडीत तिने मांडीवरून खाली ठेवली नव्हती. तेव्हापासून रोज संध्याकाळी कोमट दूध, त्यात करंगळी बुडवून अंदाज, आणि चमचाभर कालचं दही. माहेरी जायची तेव्हा समोरच्या अंजनी दीदीकडे वाटी ठेवून जायची आणि आल्या-आल्या, पायही न धुता, परत घ्यायची. अर्ध्या गल्लीचं दही त्याच विरजणाचं. “भाभी का जामन” म्हणून बाया न्यायला यायच्या. आई जाऊन अकरा वर्षं झाली, भावाच्या घरी कधीच दह्याची पाकिटं येऊ लागली. आईच्या हातचं असं जगात तेवढंच उरलं होतं.

“मी नाही खात,” विनीता म्हणाली होती. “पण तुम्ही रोज लावत जा. मरू देऊ नका.”

नीलकंठने पाच आठवडे लावलं. तयार झालेलं दही रोज अंजनी दीदीकडे पोचवायचं आणि चमचाभर ठेवून घ्यायचं. पण रोज ती वाटी हातात घेतली की नंतर तो दोनदा हात धुवायचा. एकदा प्लांटमध्ये दुपारी त्याने प्रोग्रामात त्या दह्याची माहिती भरायला घेतली. घरचं विरजण, सत्तावीस वर्षांचं. त्यात कोणकोण नांदतंय याची नोंद कुठे असणार? माहीत नाही, म्हणून वाईटात वाईट धरलं. रेघ अशी वर गेली की त्याने घाबरून पडदा बंद केला.

आणि दिवाळीनंतर एका दुपारी तो लवकर घरी आला, तर विनीता फ्रिजच्या दाराला धरून उभी. डोक्याला रुमाल, आणि बोट तोंडात.

“विनीता!”

“बोटभरच,” ती दचकून म्हणाली. “चव पाहिली फक्त. असे काहून ओरडून राहिले?”

“तुला समजते का? तीनशे पेशी आहेत तुझ्या, हजारोंच्या जागी तीनशे! मी इथे रात्रंदिवस मोजून राहिलो, आणि तू…”

त्याने वाटी उचलली, मोरीत पालथी केली, नळ सोडला. विरजणाची डबी होती तीही रिकामी केली. मग मोठ्या पातेल्यात पाणी उकळून वाटी, डबी, चमचा, सगळं दहा मिनिटं त्यात ठेवलं. प्लांटमध्ये खराब माल निघाला की टाकी जशी धुतात, तसं. राग नव्हता तो. भीतीने माणूस किती निर्दय होतो, हे त्याला तेव्हा कळलं नाही.

विनीता खुर्चीवर बसून पाहत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, “आईचं होतं हो ते.”

एवढंच. पुढे तिने कशाचाच हट्ट केला नाही. वाढलं ते खाल्लं. खिचडीवरून थट्टा केली. पण हे हवं, ते हवं असं एकदाही म्हणाली नाही, आणि नीलकंठ मनात म्हणाला, चला, समजलं बाईला.

जानेवारीत तिला ताप भरला. दवाखान्यात रक्त तपासायला पाठवलं, आणि दोन दिवसांनी डॉक्टरांनी त्याला बाजूला बोलावलं. जंतू रक्तात पसरले होते. नीलकंठच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा:

“साहब, खाने में से? मैंने तो एक-एक चीज़ नापकर…”

“नहीं नहीं, खाने से नहीं,” डॉक्टर म्हणाले. “इनके अपने ही पेट के हैं. सबके पेट में होते हैं. ताकत नहीं रहती तो खून में चले जाते हैं. बाहर से कुछ नहीं आया.”

त्यांना वाटलं, हे ऐकून नीलकंठला हायसं वाटेल. चार महिने त्याने दाराला कडी लावून पहारा दिला होता, आणि चोर आधीपासून घरातच होता. मग त्या बोटभर दह्याने काय बिघडणार होतं? ही गोष्ट त्याच्या मनात शिरली ती पुन्हा निघालीच नाही.

अजून आठवडा गेला. औषधं लागू पडेनात. डॉक्टर म्हणाले, “घर ले जाइए. दो दिन, चार दिन. अब इनका जो मन करे, खिलाइए.”

घरी आणल्यावर त्याने तिच्या उशाशी बसून विचारलं, “काय खाशील, विनू? काहीही सांग.”

ती ओशाळल्यासारखी म्हणाली, “दही. आपलं.”

नीलकंठने तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

“आपलं तर गेलं, मला ठाऊक आहे,” तीच म्हणाली. “अंजनीकडे पाहा नं. असलं तर असलं.”

अंजनी दीदींनी कपाळावर हात मारला. “भैया, हम तो आपका ही दिया खाते थे, रोज आता था तो हमने जमाना छोड़ दिया था. बंद हुआ तो पैकेट लाने लगे. आपके ही प्लांट का.” गल्लीत आणखी चार घरी विचारलं. सगळीकडे पाकिटं. त्या पाकिटांवरच्या तारखा नीलकंठनेच काढलेल्या होत्या.

संध्याकाळी अंजनी दीदी धावत आल्या. “भैया! मेरी सास! दो साल पहले भाभी से जामन ले गई थीं, बरगी. भैंस है उनके यहाँ, पैकेट को हाथ नहीं लगातीं. अभी फोन पे पूछा, वही चल रहा है!”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नीलकंठने मोटरसायकल काढली. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. निघताना तो दारात घुटमळला. अंजनी दीदी विनीताजवळ बसायला आल्या होत्या.

“जा नं,” विनीता म्हणाली. “मी कुठं जाऊन राहिली?”

बरगीच्या म्हातारीने कारण विचारलं नाही. तिला सुनेने सगळं सांगितलं होतं. तिने मडक्यातलं दही स्टीलच्या डब्यात काढून दिलं आणि म्हणाली, “तुमाई घरवारी को है बेटा, बई को जामन. हमने तो बस पालो है.” तुझ्या बायकोचंच विरजण ते, आम्ही नुसतं पाळलं, असं. नीलकंठने झाकण उघडून वास घेतला. खरं तर दोन वर्षं दुसऱ्या म्हशीच्या दुधात, दुसऱ्या हवेत वाढलेलं दही तेच राहत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण त्या घडीला त्याला कुणी हे सांगितलं असतं तर त्याने त्या माणसाला मारलं असतं.

पण ते दही तसंच घरी नेऊन कसं चालेल? म्हशीचं घट्ट, धुराचा वास लागलेलं, दोन दिवसांचं आंबट दही ते. विनीताला आंबट दही मुळीच चालायचं नाही. थोडं जरी आंबटलं तरी ती त्याची कढी करून टाकायची. तिचं दही गोड असायचं, गाईच्या दुधाचं, चमच्याने कापलं तर कड उभी राहील असं. ते ताजं लावायला हवं. आणि या थंडीत घरी लावलं तर उद्या सकाळपर्यंत दूधच राहील. प्लांटमध्ये मात्र ऊबदार कपाट होतं, बेचाळीस अंशांवर अर्धा अंशही इकडेतिकडे न होणारं.

साडेनऊला तो लॅबमध्ये शिरला. वैष्णवी मॅडमनी त्याचं तोंड पाहिलं, दूध मागवलं आणि खुर्ची रिकामी करून दिली. बावीस वर्षं जंतू वाढू नयेत म्हणून झटलेला हा माणूस आज प्रोग्रामासमोर बसला तो ते लवकर कसे वाढतील हे विचारायला. दूध भरलं, तापमान भरलं, आंबटपणा भरला. विरजण जास्त घातलं तर तीन तास. पण दही आंबट होणार, पाणी सुटणार. बेताचं घातलं तर चार तास वीस मिनिटं, आणि गोड.

“सर, जल्दी वाला कर दीजिए ना,” मॅडम हळूच म्हणाल्या.

नीलकंठने पडद्याकडे पाहिलं. तीन तास म्हणजे एक वाजता तयार, दीडला घरी. चार-वीस म्हणजे दोन-वीसला तयार, तीनच्या आत घरी. दो दिन, चार दिन, डॉक्टर म्हणाले होते. त्याने चार धरले होते.

“तिला आंबट चालत नाही,” तो म्हणाला. आणि दहाच्या ठोक्याला बेताचं विरजण घातलं.

बारा वाजता त्याने घरी फोन लावला. अंजनी दीदींनी तो विनीताच्या कानाशी धरला.

“लागलं का?” आवाज खोल गेला होता.

“लागून राहिलं. अडीचला निघतो मी.”

“हलवू नका,” ती म्हणाली. “लोकं उघडून-उघडून पाहतात. मग पाणी सुटते.”

“नाही हलवत.”

“सर, आप घर जाइए, मैं ले आऊँगी,” मॅडम तेव्हा म्हणाल्या, एक वाजता पुन्हा म्हणाल्या. त्याने मान हलवली. या एका गोष्टीत त्याला कुणाचा भरवसा वाटेना. या हातांनी ते ओतलं होतं. या हातांनीच ते न्यायचं होतं. तो कपाटाच्या काचेसमोर स्टूल घेऊन बसला. आत वाटी स्थिर होती. तसूभर हालचाल नाही, आणि तरी आत लाखोंनी, कोटींनी वाढत होते ते जंतू. वाढा रे बाबांनो, तो मनात म्हणत होता. वाढा.

दोन वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

“भैया, आ जाइए,” अंजनी दीदी म्हणाल्या, आणि पुढे काही न बोलता नुसत्या रडू लागल्या.

नीलकंठ उठला, परत बसला, परत उठला. कपाटाच्या दाराला हात लावला आणि मागे घेतला. अजून पंधरा मिनिटं होती. वाटी आतच ठेवून तो धावला. त्याने मोटरसायकल कशी चालवली हे त्याला पुढे कधी आठवलं नाही. एवढंच आठवलं, की रस्ताभर तो मोठमोठ्याने बोलत होता. पनीरच्या गाडीचं वाईटात वाईट धरलं, खिचडीचं धरलं, दह्याचं धरलं. तिचं काहून नाही धरलं रे? तिचे चार दिवस काहून धरले तू? पुढचा ट्रकवाला आरशातून पाहत होता.

घरात गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. विनीताला जमिनीवर घेतलं होतं. डोक्यावरचा रुमाल कुणीतरी नीट बांधला होता. अंजनी दीदी म्हणाल्या, “कुछ तकलीफ नहीं हुई, भैया. पूछा, कितने बजे? हमने कहा, दो बज गए. बोलीं, आते होंगे. फिर आँख लग गई.”

नीलकंठ तिच्याजवळ बसला. कुणीतरी त्याच्या हातात नर्मदेच्या पाण्याची वाटी दिली, कुणीतरी तुळशीचं पान. सांगितलं तसं त्याने तिच्या तोंडात घातलं. पाणी ओठांच्या कडेने ओघळलं.

तीन वाजायला आले तेव्हा दारात वैष्णवी मॅडम उभ्या राहिल्या. स्कूटीवर पुढे पायाशी टोपलीत वाटी ठेवून त्या बारा किलोमीटर इतक्या हळू आल्या होत्या की मागच्या गाड्यांनी शिव्या घातल्या असतील. आत पाहून त्यांच्या सगळं लक्षात आलं. त्या वाटी पुढे करून म्हणाल्या, “सर… चार घंटे अठारह मिनट में हो गया था.”

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. नीलकंठने वाटी घेतली. झाकण काढलं. वरून साईचा पातळ पापुद्रा, कुठे पाण्याचा थेंब नाही. त्याने स्वयंपाकघरातून चमचा आणला. कडेने अलगद खुपसून एक तुकडा उचलला. खाली कड तशीच उभी राहिली.

“मुँह में नहीं देते भैया अब,” एक म्हातारी म्हणाली. “नर्मदा का पानी दे दिया.”

त्याने तोंडात घातलं नाही. विनीताचा उजवा हात चादरीखालून बाहेर काढला, मुठीची बोटं एकेक करून उलगडली, आणि तळहातावर ते दही ठेवलं.

अंजनी दीदींनी पदराने डोळे पुसले. सत्तावीस वर्षं समोर राहून त्यांना या घरच्या रीती ठाऊक होत्या. “हाथ पे तो भाभी सफर पे जाने वाले को देती थीं, भैया. कि ठीक-ठाक लौट आए.”

“हो,” नीलकंठ म्हणाला. “जाऊनच राहिली नं ती.”

त्याने तिची बोटं दह्यावर मिटली आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली. थोडं दही तिच्या मनगटावर उतरलं, ते त्याने बोटाने टिपलं. पुसायला काही जवळ नव्हतं, म्हणून बोट तोंडात घातलं.

गोड होतं. अजिबात आंबट झालं नव्हतं.